फळ्यावरचा विनोद

मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या फळ्यावर तो विनोद मीच लिहिला होता : 'आज सायंकाळी पाच वाजता अणुबॉम्ब पडेल. चहा आपापला आणावा.' मी सेक्रेटरी, त्यामुळे खडू माझ्याच हातात. रोख होता दुसऱ्या मजल्यावरच्या काकांवर.

महासत्तांनी एकमेकींना धमक्या दिल्याची बातमी आली, की काका तळघरातलं पार्किंग पावलांनी मोजायला लागत. त्यांचं प्रत्येक वाक्य 'समजा'ने सुरू होई. "समजा, तिकडे कोणी बटण दाबलं, तर आपण इथे किती माणसं मावू?"

"काका, मुलुंडवर कोण बॉम्ब वाया घालवेल?"

"समजा, तिकडेच पडला. वारा काय विचारून येतो रे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा विनोद पुसलेला होता. त्या जागी काकांच्या टपोऱ्या अक्षरात, जिना उतरू न शकणाऱ्यांची यादी होती. प्रत्येकापुढे त्यांना खाली कोण आणणार, त्याचं नाव. चौथ्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेली माझी आई. तिच्यापुढे लिहिलं होतं, 'तिचा मुलगा आणि मी.'

त्याच बातम्या मीही रोज बघत होतो. पण वीज गेली, लिफ्ट बंद पडली, तर आईला खाली कसं आणायचं, हा विचार मला कधी शिवला नव्हता.

मी त्यांच्या घरी गेलो. ते एका खुर्चीला पट्टे बांधून बघत होते.

"समजा, तू पुढून धरलंस..."

"काका, तो विनोद माझा होता. मला फार भीती वाटते, म्हणून तुम्हाला हसलो. चुकलो मी, माफ करा."