सातव्या ग्रीनवरचं तेल

बारा वर्षं ती एका मोठ्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसली. मग दुकानाने गिऱ्हाइकांनीच पैसे भरायची यंत्रं आणली आणि सहा बायकांना एकाच दिवशी घरी पाठवलं. तेव्हा तिचं वय एक्केचाळीस. महिनाभर तिने घरातली कपाटं आवरली, मग तीच पुन्हा आवरली. नवरा बस चालवायचा. तो म्हणाला, "आता कपाटांना तरी थोडी सुट्टी दे."

वाचनालयाच्या फळ्यावर तिला एक कागद दिसला. गोल्फच्या मैदानाची हिरवळ राखायचं प्रशिक्षण, मुदत एक वर्ष, वयाची अट नाही. गोल्फ तिने टीव्हीवर चॅनेल बदलताना पाहिला असेल तेवढाच. पण खाली लिहिलं होतं, 'काम पूर्णवेळ उघड्यावर.' बारा वर्षं ट्यूबलाइटखाली काढलेल्या बाईच्या मनात ती ओळ घर करून बसली.

"गवत कापायला वर्षभर शिकायचं?" सासरे म्हणाले. ते जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले. "मग न्हाव्याला दहा वर्षं लागत असतील!"

"बाबा, हसा तुम्ही. मी अर्ज भरलाय."

वर्गात अकराजण. दहा तिच्या लेकराच्या वयाचे, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी ती सगळ्यांची मावशी झाली. माती, मुळं, बुरशी हे सगळं तिला आवडलं. घोडं अडलं ते गणितात. पोत्यात नत्र अठरा टक्के, चौरस मीटरला चार ग्रॅम हवं, तर एवढ्या जागेला खत किती? पहिल्या परीक्षेत चाळीसपैकी नऊ मार्क मिळाले. पेपर तिने स्वयंपाकघरातल्या खणात, तळाशी दडवला. कात्री शोधताना तो नेमका सासऱ्यांच्या हाती लागला.

त्या रात्री जेवणं झाल्यावर पेपर टेबलावर पसरून म्हणाले, "सूनबाई, बस इथे."

"माझ्या डोक्यातच शिरत नाही हो ते."

"अगं, बारा वर्षं गल्ल्यावर होतीस ना?"

"हिशोब यंत्र करायचं. मी फक्त सुटे द्यायचे."

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी अंगणात खडूने चौकट आखली, पाच मीटर बाय चार. तिच्या हातात खत म्हणून मिठाचा डबा आणि तराजू दिला. "चौरस मीटरला तीस ग्रॅम. आधी सांग किती लागेल, मगच शिंप." शेजारीण कुंपणावरून बघत राहिली. दोन महिने हेच चाललं. घरात मीठ किती आलं ते कुणी विचारू नये! पुढच्या परीक्षेत चाळीसपैकी एकतीस मार्क पडले, तेव्हा सासरे एवढंच म्हणाले, "नऊ कुठे गेले?"

शेवटचे सहा महिने प्रत्यक्ष मैदानावर काम. चेंडू ज्यात जायचा त्या प्रत्येक भोकाभोवतीची जी बारीक कापलेली हिरवळ, ती ग्रीन. तिथलं गवत जेमतेम साडेतीन मिलिमीटर ठेवायचं. मैदानाचे प्रमुख कमी बोलणारे गृहस्थ होते. गुडघ्यावर बसून गवतावर तळवा फिरवायचे, उठायचे, कुठलं यंत्र चुकतंय ते सांगायचे.

एका सकाळी ती सातव्या ग्रीनवर कापणीचं यंत्र चालवत होती. नऊ दिवसांवर मोठी स्पर्धा होती. तिसऱ्या फेरीला सुकाणू जड लागलं आणि गरम तेलाचा वास आला. मागे वळून पाहिलं, तर दवावर एक चकचकीत रेघ. घाबरून तिने यंत्र जागच्या जागी थांबवलं. चूक तिथेच वाढली, कारण ते सरळ ग्रीनबाहेर न्यायला हवं होतं. तेलाची नळी गळतच राहिली आणि खाली थारोळं साचलं. ते तेल लागलेलं गवत दोन दिवसांत जळतं, हे ती पुस्तकात शिकली होती.

तिने ताबडतोब फोन लावला. प्रमुख येईपर्यंत शेजारच्या ग्रीनवरचा एक सहाध्यायी धावत आला. हळूच म्हणाला, "मावशी, नळ्या तपासल्या होत्या म्हणून सांग. कोण बघायला आलंय?"

प्रमुखांनी आधी यंत्र पाहिलं, मग रेघ, मग तिच्याकडे वळले. "सकाळी नळ्यांवरून हात फिरवला होतात?"

"नाही. उशीर झाला होता, म्हणून तशीच निघाले. आणि यंत्रही मीच ग्रीनवर थांबवलं."

ते गुडघ्यावर बसले, तेलकट गवतावरून तळवा फिरवला. मग म्हणाले, "अवजार घेऊन या."

अवजार म्हणजे भोक पाडायचा पोकळ दंडगोल. तेलकट गवताचा गोळा मातीसकट उपटायचा, राखीव वाफ्यातून तसाच चांगला गोळा आणायचा आणि भोकात बसवायचा. जरा उंच बसला तर पातं त्याला सोलून काढतं, खोल गेला तर चेंडू उडतो. दोन दिवसांत तिने दोनशे चौदा गोळे बसवले. पहिल्या दिवशी प्रमुखही शेजारी गुडघे टेकून बसले होते. गुडघे सुजले, कंबर धरली. घरी सासऱ्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तेल डोळ्यांत घालायचं असतं गं, गवतात नाही." तिला आधी रडू आलं, मग हसू.

स्पर्धेच्या दिवशी तिरप्या उन्हात ठिगळं दिसत होती, पण चेंडू सरळ गेले. एका खेळाडूने तक्रार लिहून दिलीच. प्रमुखांनी ती वाचली, घडी केली आणि खिशात टाकली. तिला कुणी काही विचारलं नाही.

वर्ष संपलं, ती पास झाली. प्रमुखांनी तिथेच नोकरीला थांबायला सांगितलं, तरी तिने घराजवळच्या नऊ भोकांच्या छोट्या मैदानाची नोकरी धरली. तिथे सगळं एकटीने बघायचं होतं. आता तिसरं वर्ष चालू आहे. साडेचारला उठते, पहिल्या पाळीला निघणाऱ्या नवऱ्याबरोबर चहा घेते, सहाला मैदानावर असते. यंत्र सुरू करण्याआधी नळ्यांवरून हात फिरवते.

गोल्फ मात्र तिला आला नाही. एकदा क्लबच्या चिटणीसांनी आग्रहाने काठी हातात दिली. तिने जोर लावून फटका मारला. चेंडू जागचा हलला नाही, गवताचं ढेकूळ मात्र लांब उडालं. तिने काठी परत दिली, ढेकूळ उचलून आणलं, पायाने दाबून बसवलं आणि पाण्याचा पाइप आणायला गेली.