चादरीवरची बोटं

ऐंशी सालानंतरची गोष्ट. निपाणीत आमच्या घरी आई आणि आक्का दोघी विड्या वळायच्या. आक्काला मुदतीचा ताप आला तेव्हा आई म्हणाली, मुदत भरली की उतरेल. तो काही उतरला नाही. आक्का बरळायला लागली, तेव्हा कुठं आम्ही तिला जीपमध्ये घालून बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात आणलं.

तिथं ती ना झोपेत, ना शुद्धीत. डोळे अर्धवट उघडे, बोटं मात्र सतत चाललेली. चादरीची कड चिमटीत धरायची, गुंडाळायची, टोक मुडपायचं, सोडायची. आईचा चेहरा उजळला.

"बघ गं, विड्या वळतीया! सुदीवर याय लागली माझी पोर."

शेजारच्या खाटेजवळ बसलेल्या बायकांनाही तिनं बोलावून दाखवलं. त्याही विड्या वळणाऱ्याच, त्यांनी माना डोलावल्या. मलाही ते पटलं, कारण मला ते पटायलाच हवं होतं.

डॉक्टर आले, बोटांकडं बघितलं आणि गंभीर झाले. "हे लक्षण चांगलं नाही. टायफॉईडचा परिणाम मेंदूवर झालाय. चालू औषधाबरोबर स्टेरॉईडचं इंजेक्शन द्यावं लागेल. पण आतडी नाजूक झालीत, त्यानं आत रक्तस्राव होऊ शकतो. शौचाला काळी झाली तर लगेच सांगा."

आई उखडली. "हाताला काम आठवतंय तिच्या, आन् तुमी म्हंता मेंदू बिघडलाय?"

मला आईचा राग आला, डॉक्टरांचा त्याहून जास्त. शेवटी मीच म्हणाले, "द्या."

औषध सुरू झालं आणि माझा जीव टांगणीला लागला. पोट फुगलंय का, ओठ पांढरे पडलेत का, बेडपॅनमध्ये काळं दिसतंय का, एवढंच बघत बसायची. नर्स नाडी बघायला आली की मी तिच्या तोंडाकडं बघायची. हो मी म्हटलं होतं. काही बरंवाईट झालं असतं तर आईला तोंड दाखवायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोटं थांबली.

आईनं हंबरडा फोडला. "गेली गं माझी पोर! त्या इंजेक्शनानं मारलं गं तिला!" बायका धावल्या. आक्काच्या नाकाशी हात न्यायचं मला धाडस होईना.

एवढ्या कालव्यात आक्कानं डोळे उघडले. सगळ्यांकडं बघितलं, मग आईकडं. घाबरून, पण अगदी नीट बोलली.

"आई, कोण मेलं गं?"