हळद नसलेले हात

दवाखान्यातून ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी चटणीसाठी शेंगदाणे भाजत होते. आदल्याच दिवशी भेटले होते. हात धरायला गेले, तर बाईसाहेबांनी तो चादरीखाली ओढून घेतला. "आधी धुऊन ये," म्हणाली. शेवटचं बोलणं ते… अजून राग येतो मला.

ताई सरकारी प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होती. गोळी झाडणाऱ्याच्या हातावर बंदुकीच्या दारूचे, शिशाचे डोळ्यांना न दिसणारे कण बसतात. पोलीस संशयिताच्या हातावरून कापसाचे बोळे फिरवून पाठवायचे, ती ते तपासायची. माणूस कधी दिसायचा नाही. "माझ्याकडे नुसते हात येतात गं," म्हणायची, आणि आमचा घास तोंडातच राहायचा. एकदा सांगोल्याकडच्या एका मेंढपाळाचे बोळे आले. कण सापडले, म्हणजे खुनाचा आरोप पक्काच. पण कापूस पिवळट दिसत होता. तिनं ठाण्यात फोन लावला, आरोपीच्या हाताला हळद कुठून आली म्हणून. हवालदार म्हणाला, "दसरा होता की मॅडम. सकाळी बंदुका पुसल्या, हळदकुंकू वाहिलं, पूजा केली. ह्याला आणलं तेव्हा सगळ्यांना सोनं वाटत होतो. आरोपी असला म्हणून काय झालं, सणाच्या दिवशी त्यालाबी दिलं, हातात हात दिला. बोळे त्यानंतर फिरवले." बंदुकीवरची हळद हवालदाराच्या हातातून मेंढपाळाच्या हातात गेली, आणि हळदीबरोबर ते कणही. ताईनं अहवालात तसं लिहिलं. तो सुटला.

मी पेढे आणले, तिनं खाल्ले नाहीत. "हळद होती म्हणून कळलं. त्याआधी जे हात आले, त्यांना हळद नव्हती. त्यांचं काय?" निवृत्तीनंतर ती सोलापुरात माझ्याकडे राहायला आली. दसऱ्याला आपट्याची पानं हातात घ्यायची नाही, येणाऱ्यांनी त्यात टाकावीत म्हणून दाराशी स्टुलावर ताट ठेवायची. "लोक काय म्हणतील, ताई?" मी चिडायचे. संध्याकाळी ती एकेक पान उलटून हळदीचं बोट शोधायची. कोरं पान निघालं की "हे त्यांचं" म्हणून बाजूला ठेवायची.

यंदा दसऱ्याला मी रिकामं ताट मांडलं, का ते विचारू नका. दुःखाच्या घरी वर्षभर कुणी सोनं द्यायला येत नाही, आलंही नाही. बेल वाजली नाही, फाटक करकरलं नाही, शेजारचा कुत्रासुद्धा भुंकला नाही. दुपारी दार उघडलं, तर ताटात पानांचा ढीग होता. एकेक उलटून पाहिलं… सगळी कोरी. ती वाळून गेलीत आता. ताट अजून स्टुलावरच आहे. दारातून जाता-येता मी हात पदराखाली घेते.