धसकटातलं हळदीकुंकू

बाबांनी मला कधी बंदूक हातात दिली नाही. हा राग मी भंडाऱ्याहून थेट साउथ डाकोटापर्यंत बरोबर आणला होता आणि चांगला जपलाही होता.

त्यांच्याकडे दुनळी होती. माझ्या लहानपणी परवान्यावर शिकार चालायची. हिवाळ्यात तलावांवर बदकं उतरली की बाबा पहाटे निघायचे आणि आम्हा दोघा भावंडांना बरोबर घ्यायचे. मी काडतुसांची पिशवी धरायची, गप्प बसायचं आणि थंडीनं दात वाजायला लागले तरी वाजू द्यायचे नाहीत. बंदूक मिळायची ती भावाला. हा माझा भाऊ दिवाळीत लवंगी फटाका वाजला तरी कानात बोटं घालून माजघरात पळायचा. नेम धरताना तो दोन्ही डोळे मिटून घ्यायचा. बाबांना ते दिसायचं. तरी मी हात पुढे केला की त्यांचं वाक्य ठरलेलं, "मुलीच्या खांद्याला धक्का सोसत नाही." पुढे कायदा आला, शिकार बंद झाली, ते योग्यच झालं, आणि बाबांनी दुनळी ठाण्यात जमा केली. माझ्या खांद्याचा प्रश्न मात्र तसाच राहून गेला.

ऐंशीच्या दशकात आम्ही डाकोटातल्या एका लहान गावात राहत होतो. नवरा तिथल्या कॉलेजात गणित शिकवायचा. तो पुण्याचा, खाण्यात अंड्यापलीकडे कधी न गेलेला. गावाबाहेर पडलं की मका, आणि मका संपला की आणखी मका. कापणी झाली की उत्तरेकडून बदकांचे थवेच्या थवे यायचे आणि शेतात सांडलेले दाणे टिपायला उतरायचे. पहिल्याच वर्षी तो कलकलाट ऐकला आणि माझ्या अंगात आलं. शाळेच्या हॉलमध्ये बंदुकीच्या सुरक्षेचा कोर्स असायचा, त्यात नाव घातलं. वर्गात बाई मी एकटीच. परीक्षा पास झाले, लायसन्स काढलं, एक जुनी एकनळी घेतली. गावाजवळच्या डबक्यावर दोन-चार बदकं पाडलीही. पण ती पाडताना मला पाहिलं कोणी? नवरा गाडीत बसून पेपर तपासत होता.

मग बाबा आले. आई गेल्यावर ते घरात नुसते बसून असत, म्हणून मीच बोलावलं होतं. दिवाळीला त्यांना भावाकडे परत पोचायचं होतं, आणि पुन्हा एवढा प्रवास त्यांच्याच्यानं होणार नाही हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. मी मनाशी पक्कं केलं की ते परत जाण्याआधी त्यांच्या डोळ्यांसमोर मी एक बदक पाडणार. शाबासकी नको होती. त्यांनी फक्त बघावं, एवढंच हवं होतं.

नेमकं त्या वर्षी ते डबकं आटलं. मग मी गावाबाहेरच्या एका म्हाताऱ्या शेतकरीणबाईंच्या दारात जाऊन उभी राहिले आणि त्यांच्या कापलेल्या मक्यात बसू द्या म्हणून विचारलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि फाटक लावून घ्यायचं, शेतात खड्डे करायचे नाहीत, या अटीवर हो म्हटलं. परवानगी मिळाली, पण तलाव वेगळा आणि शेत वेगळं. तलावावर पाणी बघून बदक येतंच. उघड्या शेतात त्याला आधी जेवणारी बदकं दिसावी लागतात, तरच ते उतरतं. म्हणून तिकडचे शिकारी शेतात खोटी बदकं मांडतात. डिकॉय म्हणतात त्यांना.

दुकानातली डझनभर घ्यायची तर आमचा महिन्याचा किराणा गेला असता, आणि शेतात डझनानं काही होत नाही, घोळका दिसावा लागतो. दुकानदार समजूतदारपणे म्हणाला, दर वर्षी थोडी थोडी घ्या, चार-पाच वर्षांत छान थवा होईल. मी म्हटलं, माझ्याकडे चार-पाच वर्षं नाहीत.

घरी आले, गॅरेज उघडलं, आणि समोर उत्तर रचून ठेवलेलं होतं. मराठी घरात प्लास्टिकचा डबा टाकून देण्याचं पाप कोणी करत नाही. आमच्याकडे रोजचं दही, ताक, खीर, त्यामुळे दुधाचे मोठे प्लास्टिकचे कॅन मुबलक यायचे आणि मी ते धुऊन, उपयोगाला येतील म्हणून, भिंतीला लावून ठेवायचे. नवरा त्यावरून मला चिडवायचा. आता त्याचं तोंड बंद झालं. कॅन आडवा ठेवला की बदकाचं बूड आणि पाठ तयार होतात. शेजारच्यांच्या छपराचा डांबरी कागद उरला होता, तो मागून आणला आणि त्यातून मान-डोकं कापून कॅनला पाडलेल्या चिरेत खोचलं. कपड्यांचे तारेचे हँगर सरळ करून पाय केले. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून पोटात मूठ-मूठ माती. रंग तपकिरी, पण तो चकाकला तर बदक बिचकतं, म्हणून त्यात शेगडीची राख कालवली. अंगावर पांघरायला बासमतीची गोणपाटं उसवून शिवली, छापलेला उंट आतल्या बाजूला घेऊन.

बाबा गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बघत बसायचे.

"काय करून राहिली तू हे?"

"बदकं."

"अशी असतात बदकं?"

"लांबून दिसतात."

"आम्ही कधी पाखराला फसवलं नाही," ते म्हणाले. "गेलो, बसलो, मारलं."

"तुमच्याकडे तलाव होता, बाबा."

दुसऱ्या दिवशी मी डोकी कापत असताना त्यांनी एक उचललं, चोच बोटानं चाचपली आणि "जाड झाली" म्हणून खाली ठेवलं. मी सगळ्या चोची पुन्हा कापल्या. राग आला होता, पण चोची खरंच जाड झाल्या होत्या.

पहिल्या शनिवारी आम्ही तिघं अंधार असतानाच शेतात गेलो. मांडणीचं काम नवऱ्यानं आनंदानं घेतलं. त्याच्या हातात टॉर्च, माझ्या हातात कॅनची गोणी, आणि दोघांनाही एवढंच ठाऊक की जेवणारी बदकं मांडायची आहेत. आमच्या मनात जेवणारी म्हटल्यावर जे येतं तेच आम्ही केलं. दोन लांब सरळ रांगा, समोरासमोर, मधे वाढप्यांना फिरायला वाट. नवऱ्यानं पावलं टाकून अंतरं सारखी केली. एक कॅन जरा पुढे आला होता तर तो परत जाऊन मागे सरकवून आला. मांडून झाल्यावर लांबून पाहिलं तेव्हा मलाही समाधान वाटलं, हे कबूल करते.

उजाडलं. थवा आला. आमच्यावरून एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला, खाली येतोसा वाटला, आणि वर उठून पलीकडच्या शेतात निघून गेला. पुढच्या थव्यानं तर एकच फेरी घेतली. ऊन वर येईस्तोवर हेच चाललं. गोणपाटाखालून बाबांचा आवाज आला, "पंगत बसवली पोरीनं. आता तूप वाढा, म्हणजे येतील."

नवरा हसला. मला रडू आलं आणि ते मी गोणपाटात पुसलं. घरी पोचल्यावर नवरा हळूच म्हणाला, "यार, बस झालं ना आता? त्यांना शॉपिंग सेंटर दाखवू, धबधबा दाखवू. नेक्स्ट वीक त्यांची फ्लाइट आहे."

मी म्हटलं, "धबधबा तू दाखव."

त्या आठवड्यात मी रोज सकाळी त्या पलीकडच्या शेताच्या कडेला गाडी लावायची आणि खरी बदकं जेवताना बघायची. रांग कुठेच नव्हती. चार इथं, सात तिथं, एक जोडी बाजूला तोंड फिरवून, एक जण उगाच दुसऱ्याच्या अंगावर धावून जातोय. नवीन थवा आला की तो कुणाच्या डोक्यावर उतरत नव्हता, घोळक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत उतरत होता. बघता बघता माझ्या लक्षात आलं की हे मी जन्मभर पाहिलंय. हे हळदीकुंकू आहे. हळदीकुंकवाला बायका कधी रांगेत बसतात का? माहेरच्या एकीकडे, सासरच्या दुसरीकडे, दोन जावा एकमेकींकडे पाठ करून, एखादी खिडकीशी एकटी कारण तिला लवकर निघायचंय. आणि दाराशी जागा मोकळी, येणारीला टेकता यावं म्हणून. आमच्या पंगतीत पान मांडलं होतं प्रत्येकाचं, पण नव्यानं येणाऱ्याला बसायला जागाच ठेवली नव्हती. माणूस असता तर तोही परत गेला असता.

शुक्रवारी रात्री मी जाहीर केलं की उद्या परत जायचंय. नवऱ्यानं मान खाली घातली. बाबा म्हणाले, "येतो की. मला कुठं जायचंय." रविवारी त्यांचं विमान होतं.

या वेळी टॉर्च मी घेतला आणि नवऱ्याला सांगितलं की तू फक्त उचलून दे, ठेवायचं कुठे ते विचारू नकोस. वारा पाठीवर घेतला, कारण उतरताना बदक वाऱ्यावर चाल करून येतं, म्हणजे ते आमच्या समोरून येणार. मग एकेक घोळका केला. ही जाऊ, ही नणंद, ही तिची मैत्रीण. एक भांडखोर सगळ्यांपासून दूर. समोर अंगणाएवढी जागा रिकामी सोडली. नवऱ्याला ते अव्यवस्थित मांडणं बघवत नव्हतं, तो गाडीकडे गेला तो गेलाच. बाबा मात्र कॅनांमधून फिरत होते. कॅनांवर दव गोठून पांढरं झालं होतं आणि ते उजाडल्यावर चमकणार होतं. बाबांनी गळ्यातला मफलर काढला आणि वाकून वाकून एकेकाची पाठ पुसायला लागले. मी काही बोलले नाही. बोलले असते तर ते थांबले असते.

आम्ही दोघं कापलेल्या मक्याच्या धसकटांत आडवे झालो. बंदूक माझ्या उजव्या बाजूला, बाबा डाव्या. जमिनीतून थंडी वर येत होती. पूर्वेला तांबूस झालं, आणि मग तो आवाज, आधी पंखांचा, मग गळ्यांचा. थवा उंचावरून गेला. मला वाटलं संपलं. तो वळला. दुसऱ्या फेरीला खाली आला, तिसऱ्या फेरीला आणखी खाली, आणि मग बदकांनी पंख वाकवले, नारिंगी पाय पुढे काढले आणि सरळ माझ्या अंगणावर झुलत यायला लागली. नरांची हिरवी डोकी दिसत होती. एवढ्या जवळून मी कधी पाहिली नव्हती.

त्याच क्षणी बाबांचा हात माझ्या छातीवरून पलीकडे आला. तळवा उघडा, बंदुकीच्या दिशेनं.

"आण इकडे," ते पुटपुटले.

त्यांच्या आवाजात हुकूम नव्हता. नजर आभाळाकडे होती, आणि हात आपणहून आला होता, तीस-चाळीस वर्षं सवय असल्यासारखा. त्यांना लायसन्स नव्हतं, हे कारण माझ्याकडे तयार होतं आणि ते खरंही होतं. पण तेव्हा मला ते आठवलंसुद्धा नाही. मला एवढंच कळत होतं की बदकं उतरतायत, नळीत एकच काडतूस आहे, आणि आता बंदूक दिली तर मी पुन्हा कधीही मागू शकणार नाही. मला त्यांची दया आली. फार आली.

"नाही, बाबा," मी म्हटलं.

हात तिथंच राहिला. मी तो माझ्या डाव्या हातानं बाजूला केला, उठून बसले, दस्ता खांद्यात घट्ट रोवला, सगळ्यांत पुढच्या हिरव्या डोक्यावर नळी नेली आणि घोडा दाबला. खांद्याला धक्का बसला, चांगलाच बसला. बाकीचा थवा एकदम उभा वर चढला. एक बदक दुमडलं आणि माझ्या भांडखोर बाईच्या पलीकडे धसकटांत पडलं.

कानात नुसता घूं आवाज राहिला होता. मी नळी उघडली, रिकामं काडतूस बाहेर काढलं, आणि बाबांकडे बघायची हिंमत होईना म्हणून ते हातात फिरवत बसले. ते रागावले असतील असं वाटलं. मग गोणपाट सरकल्याचा आवाज आला. बाबा आधी गुडघ्यावर आले, मग हात टेकून उभे राहिले, पँटीवरची माती न झटकता पुढे निघाले. कॅनांना धक्का न लावता, मधल्या वाटेनं, सावकाश गेले. वाकून बदक उचललं, मानेला धरून, आणि तसेच परत आले. माझ्यासमोर उभे राहिले. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, डोळ्यांतून मात्र थंडीचं पाणी येत होतं.

"कुठं ठेवू?" त्यांनी विचारलं.

"इथं, माझ्याजवळ," मी म्हटलं. "आणि खाली पडा, बाबा. अजून येतील."

ते मुकाट्यानं खाली पडले.