पंख्याच्या सोबतीला बसणाऱ्या नसीम मॅडम

नसीम मॅडमना मी पहिल्यांदा भेटले ती गुन्हा कबूल करायला. त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या पुस्तकात मी हे आधीच सांगून टाकते.

माझी नात सोनाली नर्सिंग शिकायला नाशिकरोडला मुलींच्या वसतिगृहात राहायची. मॅडम तिथल्या रेक्टर. थंडी पडली. आमच्या पिंपळगावकडची माणसं थंडीत द्राक्षबागेची काळजी करतात, मला पोरीच्या छातीची. गरम पाणी पाळीनं मिळायचं आणि हिच्यापर्यंत येईतो ते गार व्हायचं. म्हणून मी डिंकाच्या लाडवांच्या डब्यात तळाशी पाणी तापवायचा रॉड ठेवला, वर कागद, वर लाडू. खारीक यंदा लई छान मिळाली होती. असो.

परीक्षेच्या सकाळी सोनालीनं रॉड लावला आणि अख्ख्या मजल्याची लाइट गेली. रॉड सापडला की खोली सोडायची, असा नियम. खोली गेली म्हणजे शिक्षण गेलं, कारण तिचे वडील लग्नाचं बघतच होते. पोरीनं माझं नाव घेतलं नाही. कळल्यावर मी मिळेल ती एसटी धरली.

"मॅडम, रॉड मी दिला. पोरीला काढू नका, मला काय बोलायचं ते बोला."

त्यांनी आधी मला खुर्चीत बसवलं, चहा मागवला. मग म्हणाल्या, "आजी, तांदळात इस्त्री सापडली होती मला. लाडवात रॉड पहिल्यांदाच!"

"पोरगी राहील ना?"

"राहील. शिक्षा तुम्हाला. आठ दिवस इथं राहा आणि कमी विजेत थंडी कशी काढायची ते मुलींना सांगा."

"मी चौथी शिकलेली, मॅडम."

"थंडी कुठं मार्कशीट मागते?"

त्या आठ दिवसांत मी त्यांचं काम पाहिलं. भिंतीवर 'वीज वाचवा'ची एकही पाटी नाही. रिकाम्या खोलीत कपडे वाळवायला लावलेला पंखा नाहीतर दिवा चालू दिसला, की मॅडम आत जाऊन कॉटवर विणकाम घेऊन बसायच्या. मुलगी परत आली की दचकायची.

"मॅडम, तुम्ही?"

"पंखा एकटाच फिरत होता बिचारा. म्हटलं, सोबत बसावं."

ती मुलगी पुन्हा कधी विसरली, तर शपथ! सोनालीनं मला सांगितलं, मॅडमचे वडील एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कोळशाच्या कामावर होते. घरी येऊन अंघोळीला बसले की मोरीतून काळं पाणी वाहायचं. बटण दाबलं की मॅडमना ते पाणी आठवतं.

मी मुलींना सांगितलं, आम्ही बागेतून आलो की उन्हात ठेवलेल्या पाण्यानं अंघोळ करतो. तुम्हीही कॉलेजातून आल्यावर करा, म्हणजे सकाळी गिझरला गर्दी होणार नाही.

"ईई आजी, बिनअंघोळीचं कॉलेजला?"

"मग ते सेंट कशाला मारता गं?"

सगळ्या खिदळल्या, पण हलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मॅडमनी स्वतः पाण्याचे काळे ड्रम गच्चीवर उन्हात ठेवून घेतले आणि संध्याकाळी पहिली बादली आपण नेली. आठवड्यात निम्म्या मुली संध्याकाळच्या झाल्या. सकाळी सोनालीला कढत पाणी मिळू लागलं. सर्दीवाल्या मुलीचा नंबर पहिला, हा नियमही मॅडमनीच केला.

सोनालीचे वडील लग्नासाठी तिला न्यायला आले, तेव्हा मॅडमनी त्यांना जेवायला बसवलं. "शरदभाऊ, नवरा पळून जात नाही, परीक्षा पळून जाते," एवढंच म्हणाल्या. माझा लेक मुकाट्यानं एकटाच घरी आला. मला किती हसू आलं म्हणून सांगू!

यंदा सोनाली नर्स झाली. मॅडम, तुम्ही साठीच्या झालात. अल्ला म्हणा, देवी म्हणा, दोघांकडंही मी एकच मागते. सोनाली दर महिन्याला तुमचं बीपी तपासायला येईल. अजून चाळीस वर्षं तिला काही म्हणता काही सापडू नये, आणि दर वेळी तिनं चहा पिऊन परत यावं.