टाइमपीसची हजेरी

ओतीव लोखंडावर वाळूचा मारा करून ते साफ करायचं, हे टाइमपीसचं काम. सव्वीस वर्षं. आठ तास उभ्याने, तोंडाला फडकं बांधून. कामावर यायला एक मिनिटही उशीर नाही, म्हणून हे नाव. मी शेजारी भट्टीवर होतो.

कारखान्याने हजेरीची कार्डं स्कॅन करून क्लाउडवर टाकली, तेव्हा हजेरी ठेवणारा टाइमकीपर टाइमपीसला म्हणाला, "आता ही रद्दीत जाणार. तुझी घेऊन जा."

"कंपनीचा माल आहे. मी नाही नेणार."

त्याने नेली नाहीत म्हणून आम्हीही नेली नाहीत.

पुढे कारखाना बंद पडला आणि टाइमपीसच्या फुप्फुसात धूळ निघाली. कामगार रुग्णालयाने भरती करून घेतलं नाही. म्हणाले, धुळीत काम केल्याचा पुरावा आणा. तो रुग्णालयाविरुद्ध कोर्टात गेला.

वकीलबाईंनी समजावलं, "क्लाउड म्हणजे परदेशातल्या कंपनीचे कॉम्प्युटर. करार तिकडच्या कायद्याचा. माहिती फक्त खातेदाराला देतात, आणि खातेदार तुमचा कारखाना."

"तो तर मेला."

"तिथेच घोडं अडलंय."

न्यायाधीशांनी कार्डं मागवणारा हुकूम काढला. सात महिन्यांनी उत्तर आलं: तुमचा हुकूम आम्हाला लागू नाही. शिवाय खातं बंद झाल्यावर नव्वद दिवसांनी सगळं पुसतो, तसं करारातच आहे.

मग मी साक्षीला उभा राहिलो.

"तुम्ही तिथे कामाला होता याला पुरावा?" रुग्णालयाच्या वकिलाने विचारलं.

माझी कार्डंही तिथेच गेलेली. मी भाजलेले हात पुढे केले.

"हात कुठेही भाजतात, काका."

दावा फेटाळला. कोर्टाचा जिना उतरताना टाइमपीस दर चार पायऱ्यांनी बसत होता.

त्याची मुलगी म्हणाली, "बाबा, तेव्हा कार्डं आणली असती तर?"

"आपली नव्हती ती."

"मग कोणाची होती?"

तो दम घेत राहिला.

आता तो मुलीकडे असतो, तिसऱ्या मजल्यावर. ऑक्सिजनचं सिलिंडर मी खांद्यावरून वर नेतो. दोनदा थांबावं लागतं.

"हळू चढ," तो म्हणतो. "पडलास तर म्हणतील, हा सिलिंडर उचलत होता याला पुरावा काय?"

पूर्वी एक सिलिंडर दीड दिवस पुरायचं. आता दिवसही निघत नाही.