दादाच्या कानातून गेलेला बँड

माझा दादा लिफ्ट दुरुस्त करतो. सव्वीस वर्षं तेच काम. लिफ्ट जरा हलली की तो कान टवकारतो. "मोटर ठीक आहे. चौथ्या मजल्याच्या दाराचा रोलर गेलाय," असं तो म्हणणार, आणि चौथ्या मजल्यावर जाऊन बघावं तर रोलर खरंच झिजलेला.

घरी आला की तोच कान त्यानं एका बँडला वाहिलेला होता. पन्नास वर्षांपूर्वीचा प्रोग्रेसिव्ह रॉक बँड. पाच लांब केसवाले, आणि एकेक गाणं असं की चहा ठेवून, पिऊन, कप विसळून झाला तरी गायकानं अजून तोंड उघडलेलं नसतं. "सवत असती तर परवडली असती," वहिनी म्हणायची, "निदान कधीतरी माहेरी तरी गेली असती."

मी दादाहून नऊ वर्षांनी लहान. मी अकराची असताना त्यानं मला पलंगावर बसवलं आणि रेकॉर्ड लावली. एका अख्ख्या बाजूला एकच गाणं, एकवीस मिनिटांचं. "मध्ये बोलायचं नाही, उठायचं नाही," अशी तंबी दिली आणि माझ्या गुडघ्यावर बोटानं मोजत राहिला. "सहा, सात. बघ, सातच ठोके आहेत. आठवा कुठं गेला म्हणून डोकं शोधत बसतं ना, तिथंच तर मजा आहे."

मला वर्षभर ओ की ठो कळलं नाही. पण दादाजवळ बसायला मिळायचं म्हणून मी बसायचे. मग एका दुपारी, अठराव्या मिनिटाला, सुरुवातीचीच साधी चाल ऑर्गनवर अगदी संथ होऊन परत आली आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. कशासाठी ते मला आजही सांगता येणार नाही. दादानं माझ्याकडे बघितलं नाही. "पोचलीस," एवढंच म्हणाला, आणि गाणं संपल्यावर रेकॉर्ड उलटी करून लावली.

पुढं रविवारी सकाळी आमच्याकडे बैठक भरायला लागली. दादा, मी आणि कोपऱ्यावरचा बेकरीवाला. हा बेकरीवाला पहाटे भट्टी लावून, तसाच पिठाच्या हातांनी यायचा. भांडण ठरलेलं.

"पहिला गायक गेला आणि बँड संपला," तो म्हणायचा.

"मग दुसऱ्या गायकाच्या आठ रेकॉर्डी कशाला जमवल्यास?" दादा विचारायचा.

"घरातला माणूस गेला म्हणून घर सोडतं का कुणी?"

गेल्या वर्षी बातमी आली की बँड शेवटचा दौरा करतोय आणि आमच्यापासून तीन तासांवरच्या शहरात येणार आहे. आम्ही तिघांनी तिकिटं काढली. बेकरीवाल्यानं त्या दिवशी बेकरी बंद राहील अशी पाटी चार महिने आधीच लावून टाकली.

कार्यक्रमाला नऊ आठवडे राहिले असताना दादा एका इमारतीत लिफ्टच्या टपावर बसून काम करत होता. डाव्या हातातला पाना सुटून खाली पडला. तो उचलायला गेला तर हातच उचलेना. जोडीदारानं त्याला कसंबसं खाली घेतलं. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. अकरा दिवस दवाखाना झाला. बोलणं शाबूत, चालणं शाबूत, हात तेवढा ढिला. थोडक्यात निभावलं, असं जो तो म्हणत होता, आणि आम्हीही म्हणत होतो.

तो घरी आला त्या दुपारी मी हौसेनं रेकॉर्ड लावली. दादानं कपाळाला आठ्या घातल्या.

"सुई खराब झालीय का गं?"

मी सुई बदलली. मग फोनवरून लावून बघितलं.

"हे काय लावतेयस? कुणीतरी डबे आपटल्यासारखं वाटतंय."

मला वाटलं थट्टा करतोय. मी हसलेही. मग त्याच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं.

डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. मेंदूचा तेवढाच कोपरा दुखावतो. माणसाचं बोलणं कळतं, दाराची बेल कळते, फक्त संगीत संगीतासारखं लागत नाही.

"परत येईल ना?" मी विचारलं.

"येऊ शकतं. नाहीही येणार."

"काही औषध?"

"यावर औषध नाही. सराव करून बघा. पण खरं सांगू का, फार सुदैवी आहेत तुमचे भाऊ."

सहा आठवड्यांत दादा कामावर हजर झाला. टपावर चढायची परवानगी नव्हती, पण लिफ्टमध्ये उभा राहून दोष तसाच अचूक सांगायचा. रोलर ऐकू येत होता, बेअरिंग ऐकू येत होतं. गेलं होतं ते फक्त गाणं, आणि ते गेलं म्हणून कुणी भेटायला येत नाही.

मी हट्टाला पेटले. रोज संध्याकाळी दहा मिनिटं सोप्या चाली ऐकवायचे. एकदा आई लहानपणी म्हणायची ते झोपवायचं गाणं मीच म्हटलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"शब्द कळले," तो म्हणाला.

"आणि चाल?"

"तू धडा वाचून दाखवतेयस असं वाटलं." मग म्हणाला, "आता पुरे कर. रोज पेपर तपासल्यासारखी बघतेस माझ्याकडे. मला नापास व्हायचा कंटाळा आलाय."

कार्यक्रमाला तो येणार नाही असं आम्ही गृहीत धरलं होतं. तो तयार होऊन दारात उभा. "बघायला येतो," म्हणाला. "इतकी वर्षं नुसतं ऐकलंच ना त्यांना."

उघडं मैदान होतं. आजूबाजूला पांढऱ्या केसांच्या शेंड्या, गुडघ्याला पट्टे, पोटावर ताणलेले बँडचे जुने टी-शर्ट. मूळच्या पाचांतले दोनच उरले होते. सुरुवातीला दादा खूश होता. ड्रमरचे हात न्याहाळत होता. पण आवाज चढत गेला तसा तो खांदे आवळून बसला. मग ते एकवीस मिनिटांचं गाणं सुरू झालं आणि सगळं मैदान उठून उभं राहिलं. बेकरीवाला तोंडावर हात धरून रडत होता. दादा स्टेजकडे नाही, बेकरीवाल्याकडे बघत होता.

माझ्या कानाशी येऊन त्यानं विचारलं, "तेच ना?"

"हो."

"कुठवर आलंय?"

"ऑर्गन एकटाच वाजतोय. आता गिटार येईल."

"आली?"

"आली."

थोड्या वेळानं त्यानं माझी बाही ओढली. "मला बाहेर घेऊन चल. डोकं फुटेल."

आम्ही फाटकाबाहेर नळांच्या रांगेजवळ उभे राहिलो. गाणं तिथंही स्वच्छ ऐकू येत होतं.

"तू जा आत," तो म्हणाला.

"नको."

"अगं जा. माझ्यापायी तू कशाला सोडतेस?"

"नको म्हटलं ना!"

मी खेकसले. कारण मला आत जायचं होतं. त्याला तिथं सोडवत नव्हतं आणि त्याचा रागही येत होता, आणि त्याची काय चूक ते मला सांगता आलं नसतं. अठरावं मिनिट आलं. ऑर्गनवर ती संथ चाल सुरू झाली. मी नळाकडे तोंड करून उभी राहिले.

"आलं का ते?" त्यानं विचारलं.

मी मान हलवली.

"चांगलं वाजवतायत?"

"चांगलं वाजवतायत."

त्या कार्यक्रमाला पंधरा महिने झाले. दादाचा हात बरा आहे, तो पुन्हा टपावर चढतो. गाण्याचा कान मात्र परत आला नाही. रविवारच्या बैठकीचा आम्ही दोनदा प्रयत्न केला. रेकॉर्ड लावावी तर दादाला त्रास, न लावावी तर बोलणार कशावर? तिसऱ्या रविवारी बेकरीवाल्याला नेमकं काम निघालं, चौथ्या रविवारी मला.

मागच्या महिन्यात दादानं सगळ्या रेकॉर्डी खोक्यांत भरून माझ्या घरी आणून ठेवल्या. मी नको म्हणाले, पण त्यानं ऐकलं नाही. वर्षांप्रमाणे लावूनही दिल्या, बाहेरच्या खोलीत, गुडघ्यांवर बसून. मधूनमधून तो फोन करतो. इकडचं तिकडचं बोलतो आणि शेवटी विचारतो, "ऐकतेस ना?"

"ऐकते."

"अजून तसंच वाटतं?"

पहिल्यांदा मी नाही म्हणाले होते. त्याला बरं वाटावं म्हणून. तर त्यानं घाबरून विचारलं, "तुझंही गेलं?" आता मी हो म्हणते, आणि ते खरंही आहे.

"बरं," तो म्हणतो, आणि फोन ठेवतो.